मालकीविना सत्ता : सर जॉन हार्वे-जोन्स यांच्या आत्मपर लेखनातील कुटुंब आणि कारकीर्द

प्रस्तावना

उद्योगक्षेत्रातील यशस्वी व्यक्तींची चरित्रे व आत्मकथने हा आज वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील विद्यार्थ्यांच्या वाचनाचा एक महत्त्वाचा भाग झालेला आहे. हे वाचन करताना आपल्याकडील वाचकाच्या मनात साधारणतः दोन साचे तयार असतात. पहिला साचा शून्यातून विश्व निर्माण करणाऱ्या माणसाचा आणि दुसरा वाडवडिलांच्या आयत्या गादीवर बसलेल्या वारसदाराचा. पहिल्याचे कौतुक करावे आणि दुसऱ्याकडे संशयाने पाहावे, असा एक अलिखित संकेतही या वाचनामागे असतो. परंतु विसाव्या शतकातील मोठे उद्योग ज्यांनी प्रत्यक्ष चालवले त्यांपैकी पुष्कळ माणसे या दोन्ही साच्यांत बसत नाहीत. ती मालक नव्हती, संस्थापक नव्हती आणि वारसदारही नव्हती. ती पगारी होती; तरीही हजारो माणसांच्या उपजीविकेचा निर्णय त्यांच्या हाती होता.

ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज (आय.सी.आय.) या रसायन उद्योगाचे १९८२ ते १९८७ या काळातील अध्यक्ष सर जॉन हार्वे-जोन्स (१९२४-२००८) हे या तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. 'मेकिंग इट हॅपन' (१९८८) हे नेतृत्वविषयक चिंतन आणि 'गेटिंग इट टुगेदर' (१९९१) हे आत्मकथन यांतून, तसेच बी.बी.सी.वरील 'ट्रबलशूटर' या मालिकेतून त्यांची एक प्रतिमा सिद्ध झाली. लांब केस, भडक रंगांचे टाय, मोकळे हास्य आणि रोखठोक सल्ला ही त्या प्रतिमेची बाह्य लक्षणे. या प्रतिमेत कुटुंबाचे स्थान कोणते आहे आणि यशाचे श्रेय कोणाकडे जाते, या दोन प्रश्नांच्या आधारे हार्वे-जोन्स यांच्या जीवनकथनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी : धार संस्थान आणि पालक-शिक्षक

हार्वे-जोन्स यांचा जन्म १६ एप्रिल १९२४ रोजी लंडनमधील हॅकनी येथे झाला. पण त्यांचे बालपणीचे पहिले दिवस माळव्यातील धार येथे गेले. त्यांचे वडील मर्व्हिन हार्वे-जोन्स हे धारच्या अल्पवयीन महाराजांचे पालक व शिक्षक होते. धार हे पवारांचे मराठा संस्थान. १९२६ मध्ये उदाजीराव पवार (दुसरे) यांचे निधन झाले आणि दत्तक आनंदराव लहान वयातच गादीवर आले. राजा अज्ञान असेल तेव्हा त्याच्या शिक्षणाची व संस्कारांची सूत्रे इंग्रज पालक-शिक्षकाकडे सोपवायची, ही ब्रिटिश सत्तेची रुळलेली पद्धत होती. मराठी वाचकाला ती अपरिचित नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना इलियट यांनी आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांना फ्रेझर यांनी शिकवले, हा आपल्या इतिहासाचा भाग आहे. पण आपण तो इतिहास नेहमी विद्यार्थ्याच्या बाजूने वाचला; शिक्षकाच्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या बाजूने तो वाचण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

हार्वे-जोन्स यांच्या जीवनकथनात धार हे मुख्यतः बालपणीच्या वैभवाचे आणि त्यानंतर ते हरपल्याचे ठिकाण म्हणून येते. लहान वयातच त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. केंट परगण्यातील डील येथील निवासी शाळेतील त्यांचे दिवस एकाकी व दुःखाचे होते. वसाहतीत नोकरी करणाऱ्या इंग्रज कुटुंबांत ही रीतच होती : वडील दूर देशी दुसऱ्याच्या मुलाचे पालकत्व करतात आणि त्यांचे स्वतःचे मूल परक्यांच्या देखरेखीखाली वाढते. ही विसंगती केवळ भावनिक नाही. राजपुत्राचे पालकत्व हे त्या कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन होते आणि त्याची किंमत कुटुंबानेच विभक्ततेच्या रूपाने मोजली.

येथे वडिलांच्या नोकरीचे स्वरूप अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. संस्थान त्यांचे नव्हते, खजिना त्यांचा नव्हता, वारसही त्यांचा नव्हता. मात्र त्या वारसाने काय शिकावे, कसे वागावे याविषयीचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि त्या अधिकाराचा जाब दूरवरच्या सत्तेला द्यायचा होता. मराठीत यासाठी 'कारभारी' हा जुना आणि नेमका शब्द आहे. मालकी नसताना मालकाच्या वतीने निर्णय घेणारा तो कारभारी. हार्वे-जोन्स यांना वडिलांकडून संपत्ती वा भागभांडवल मिळाले नाही. त्यांना मिळाली ती कारभाऱ्याच्या घरातील सत्तेची ओळख. हा वारसा मृत्युपत्रात लिहिला जात नाही. त्यामुळे तो आत्मकथनातही वारसा म्हणून नोंदवला जात नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

नौदलातून उद्योगात : कुटुंबाने बदललेली दिशा

१९३७ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी हार्वे-जोन्स डार्टमथ येथील नौदल महाविद्यालयात दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात 'इथ्युरिएल' व 'क्वेंटिन' या ज्या दोन विनाशिकांवर त्यांनी सेवा केली, त्या दोन्ही १९४२ मध्ये भूमध्य समुद्रातील मोहिमांत शत्रूच्या हल्ल्यामुळे निकामी झाल्या. पुढे ते पाणबुडी दलात गेले. युद्धानंतर त्यांनी केंब्रिज येथे रशियन भाषा शिकून नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केले. त्या कामासाठी १९५२ मध्ये त्यांना एम.बी.ई. हा सन्मान मिळाला. केंब्रिजमधील हे अध्ययन भाषेपुरते होते; विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, रसायनशास्त्राची तर नव्हतीच.

याच काळात त्यांच्या कन्येला पोलिओ झाला. सतत घरापासून दूर ठेवणारी नौदलातील नोकरी आणि आजारी मुलीची गरज यांत त्यांनी मुलीची निवड केली. १९५६ मध्ये लेफ्टनंट कमांडर या हुद्द्यावर असताना त्यांनी राजीनामा दिला आणि आय.सी.आय.च्या ईशान्य इंग्लंडमधील विल्टन येथील कारखान्यात कनिष्ठ पदावर नोकरी धरली. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग निर्विवादपणे हृद्य आहे. ज्या मुलाला लहानपणी घरापासून तोडले गेले, त्याने वडील झाल्यावर घरासाठी कारकीर्द सोडली, अशी एक सुसंगत कथा त्यातून आपोआप तयार होते.

तथापि समीक्षकाने या सुसंगतीजवळ थोडे थांबावयास हवे. राजीनामा देण्यामागील धैर्य खरे आहे. पण राजीनाम्यानंतर दुसरी वाट उपलब्ध असणे ही व्यक्तीची नव्हे, काळाची आणि वर्गाची देणगी आहे. १९५० च्या दशकातील ब्रिटनमध्ये मोठ्या उद्योगांचा विस्तार होत होता आणि माणसे हाताळण्याची सवय असलेल्या माजी लष्करी अधिकाऱ्यांना तेथे स्थान होते. त्याच विल्टनमधील एखाद्या यंत्रचालकाच्या मुलीला पोलिओ झाला असता, तर त्यालाही वडील म्हणून तेवढीच तळमळ वाटली असती; पर्याय मात्र तेवढे नसते. जीवनकथन तळमळीची नोंद ठेवते, पर्यायांची नोंद ठेवत नाही. यशस्वी व्यक्तींची चरित्रे वाचताना ही दुसरी नोंद वाचकालाच करावी लागते.

आय.सी.आय.चे अध्यक्षपद : यश आणि त्याचे धागे

आय.सी.आय.ची स्थापना १९२६ मध्ये ब्रुनर माँड, नोबेल इंडस्ट्रीज, युनायटेड अल्कली आणि ब्रिटिश डायस्टफ्स कॉर्पोरेशन या चार कंपन्यांच्या एकत्रीकरणातून झाली. प्रारंभी उल्लेखिलेले दोन्ही साचे या कंपनीच्या पहिल्या दोन अध्यक्षांतच सापडतात. पहिले अध्यक्ष आल्फ्रेड माँड हे ब्रुनर माँडच्या संस्थापकांपैकी लुडविग माँड यांचे पुत्र. तर दुसरे अध्यक्ष हॅरी मॅकगोवन यांनी नोबेल कंपनीत कचेरीतील पोऱ्या म्हणून सुरुवात केली होती. पॉलिथिनचा शोध १९३३ मध्ये याच कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत लागला. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या टेरिलिन या धाग्याचा औद्योगिक विकासही तिनेच केला.

हार्वे-जोन्स १९७३ मध्ये संचालक मंडळावर आले आणि एप्रिल १९८२ मध्ये अध्यक्ष झाले. त्यापूर्वी १९८० मध्ये कंपनीवर लाभांश कमी करण्याची वेळ आली होती. त्यांनी संचालक मंडळ लहान केले. संचालकाने आपापल्या विभागाचा वकील न राहता संपूर्ण कंपनीचा विचार करावा, असा आग्रह धरला. बैठकांतील औपचारिकता कमी केली. १९८४ मध्ये कंपनीचा करपूर्व नफा १०० कोटी पौंडांच्या वर गेला. एवढा नफा मिळवणारी ती ब्रिटनमधील पहिली उत्पादक कंपनी ठरली. १९८५ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. या दोन घटना एकामागोमाग ठेवल्या की कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

प्रत्यक्षात या यशाचे धागे अनेक आहेत. त्यांपैकी तीन येथे नोंदवता येतील. पहिला धागा चलनाचा. १९८० च्या अखेरीस एका पौंडास सुमारे २.४० डॉलर पडत होते; १९८५ च्या प्रारंभी तो दर जवळजवळ एका डॉलरपर्यंत घसरला. मोठ्या प्रमाणावर निर्यात करणाऱ्या कंपनीला याचा लाभ होणे स्वाभाविक होते. दुसरा धागा संशोधनाचा. आय.सी.आय.च्या औषध विभागाची मोठी कमाई हृदयविकार व रक्तदाबावरील 'इंडेराल' आणि १९७६ मध्ये बाजारात आलेल्या 'टेनॉर्मिन' या औषधांतून होत होती. या औषधांचे मूळ जेम्स ब्लॅक यांनी १९५८ ते १९६४ या काळात कंपनीत केलेल्या संशोधनात होते. त्याच ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे १९८४ च्या ताळेबंदातील नफ्याचे एक बीज वीस वर्षांपूर्वी पेरले गेले होते. तिसरा धागा कामगारांचा. या काळात कंपनीच्या ब्रिटनमधील कर्मचारीसंख्येत सुमारे एक तृतीयांश घट झाली. या कपातीची सुरुवात हार्वे-जोन्स यांच्या अध्यक्षपदापूर्वीच झाली होती, हे खरे. पण वाढलेल्या नफ्याच्या हिशेबात तिचा वाटा होता, हेही तितकेच खरे.

अँड्र्यू पेटिग्र्यू यांनी 'द अवेकनिंग जायंट' (१९८५) या ग्रंथात याच कंपनीतील बदलांचा दीर्घ अभ्यास केला आहे. संस्थेतील बदल हे एका व्यक्तीच्या संकल्पाने होत नाहीत. बाहेरील अर्थकारण, संस्थेतील अंतर्गत राजकारण आणि दीर्घकाळ चाललेली तयारी यांच्या संयोगातून ते घडतात, ही त्यांची भूमिका आहे. हार्वे-जोन्स यांचे महत्त्व पेटिग्र्यू नाकारत नाहीत. ते त्यांना एका प्रदीर्घ प्रक्रियेच्या आत ठेवतात. आत्मपर लेखनाची रचनाच अशी असते की तेथे ही प्रक्रिया 'मी'च्या मागे उभी राहते.

'घडवून आणणे' : शीर्षकांचे व्याकरण

या संदर्भात पुस्तकांची शीर्षके बोलकी आहेत. 'मेकिंग इट हॅपन' या शीर्षकाचा भाव मराठीत 'घडवून आणणे' या क्रियापदाने व्यक्त होतो. मराठीतील प्रयोजक क्रियापदांचा एक विशेष आहे. 'काम होते' म्हटले की कर्ता दिसत नाही; 'काम करतो' म्हटले की काम करणारा दिसतो; 'काम करवून घेतो' म्हटले की करवून घेणारा पुढे येतो आणि प्रत्यक्ष करणारा मागे सरतो. 'कडून' हा शब्द वापरून त्याला वाक्यात आणता येते, पण त्याच्यावाचून वाक्य अडत नाही. व्यवस्थापकाच्या आत्मकथनाचे व्याकरण नेमके असेच आहे. 'कडून' या शब्दाच्या अलीकडे जी माणसे उभी असतात, त्यांना गाळूनही कथा पूर्ण वाटते.

हार्वे-जोन्स यांच्यावर येथे अन्याय होता कामा नये. वरून हुकूम सोडून माणसांकडून चांगले काम करून घेता येत नाही, त्यांचा मनापासूनचा सहभाग मिळवावा लागतो, हे त्यांच्या नेतृत्वविचाराचे मुख्य सूत्र आहे. माणसांना आणि संस्थेला सोसेल इतक्याच वेगाने, पण त्या मर्यादेपर्यंत नक्कीच, बदल करत राहावे, असे ते सांगतात. जहाजावरील अधिकाऱ्याने असे लिहावे हे मोलाचे आहे. १९८६ मध्ये दिलेल्या डिम्बल्बी व्याख्यानात त्यांनी उत्पादक उद्योगांचे महत्त्व ठामपणे मांडले आणि केवळ सेवाक्षेत्राच्या बळावर देश समृद्ध राहील या समजुतीला आव्हान दिले. तत्कालीन ब्रिटनमधील प्रभावी मतप्रवाहाच्या विरोधात जाणारी ही भूमिका होती. म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो : सहभागाचे मोल जाणणाऱ्या या लेखकाच्या कथनात, ज्यांचा सहभागच संपुष्टात आला त्या कामगारांचे स्थान कोठे आहे? बदल किती सोसेल याचे माप कोण घेतो? टीसाइड परिसरातील विल्टन व बिलिंगहॅम येथील ज्या घरांतील नोकऱ्या गेल्या, त्या घरांनाही कौटुंबिक पार्श्वभूमी होती. ती मात्र कोणत्याही नेतृत्वविषयक ग्रंथाचे प्रकरण झाली नाही.

मॉर्गन प्रकरण : कारभारी आणि घराणे

हार्वे-जोन्स यांना सर्वाधिक लोकप्रियता मिळाली ती १९९० मधील 'ट्रबलशूटर' या मालिकेमुळे. अडचणीतील वा बदलाच्या उंबरठ्यावरील एखाद्या कंपनीत जाऊन तिची पाहणी करावयाची आणि रोखठोक सल्ला द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. त्यांतील मॉर्गन मोटार कंपनीचा भाग आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९०९ मध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी सुरू केलेली, माल्व्हर्न येथील ही कंपनी हातकामाने मोटारी बांधत असे आणि ग्राहकांना त्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. उत्पादन वाढवावे, किमती वाढवाव्यात, पद्धती आधुनिक कराव्यात, असा हार्वे-जोन्स यांचा सल्ला होता. संस्थापकाचे पुत्र पीटर आणि नातू चार्ल्स मॉर्गन यांनी तो त्या वेळी मान्य केला नाही.

या भागाकडे बहुधा 'जुनाट मालक विरुद्ध आधुनिक तज्ज्ञ' किंवा उलट 'परंपरा विरुद्ध उपरा' अशा दृष्टीने पाहिले जाते. खरे तर ती उद्योगाकडे पाहण्याच्या दोन कालमापनांची गाठ आहे. घराण्याच्या दृष्टीने ग्राहकांची लांबलचक यादी म्हणजे पुढील पिढीपर्यंतची निश्चिंती. कारभाऱ्याच्या दृष्टीने तीच यादी म्हणजे वाया जाणारी संधी. ज्याला वारशाने उद्योग मिळालेला नाही आणि जो वारशाने उद्योग देणारही नाही, त्याला वर्तमानातील फलित हेच प्रमाण मानावे लागते. हा स्वभावदोष नव्हे, स्थानाचा परिणाम आहे. पुढील काळात मॉर्गन कंपनीने आपल्या गतीने काही आधुनिकीकरण केले आणि २०१९ मध्ये तिची बहुसंख्य मालकी इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या गुंतवणूकसंस्थेकडे गेली. दुसरीकडे आय.सी.आय.ने १९९३ मध्ये औषध विभाग 'झेनेका' म्हणून वेगळा केला आणि २ जानेवारी २००८ रोजी उरलेली कंपनी नेदरलँड्समधील अक्झो नोबेलच्या ताब्यात गेली. त्यानंतर आठवड्याभरातच, ९ जानेवारी २००८ रोजी हार्वे-जोन्स यांचे निधन झाले. या घटनाक्रमावरून कोणाचा सल्ला बरोबर ठरला असा निवाडा करणे योग्य होणार नाही. कारण दोन्ही उद्योगांचे आकारमान आणि क्षेत्र भिन्न होते. एवढे मात्र म्हणता येते की, आदर्श म्हणून सांगितलेला कायापालट वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरावरून पाहिला असता तेवढा अंतिम राहत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, हार्वे-जोन्स यांच्या बाबतीत 'स्वकर्तृत्व की वारसा' हा प्रश्नच अपुरा ठरतो. त्यांना संपत्तीचा वारसा नव्हता; परंतु मालकीविना सत्ता चालवणाऱ्या वर्गाचा वारसा होता. धारच्या राजवाड्यातील पालक-शिक्षक आणि लंडनमधील मुख्यालयातील अध्यक्ष हे या अर्थाने एकाच परंपरेतील दोन कारभारी आहेत.

दुसरा, त्यांच्या जीवनकथनात कुटुंब दोनदा निर्णायक ठरते : बालपणी तुटलेले कुटुंब आणि कन्येच्या आजारात सावरलेले कुटुंब. या दोन्ही प्रसंगांतील भावना अस्सल आहे. मात्र भावनेला प्रकाशात ठेवताना तिच्यामागील सामाजिक सोय अंधारात राहते.

तिसरा, व्यवस्थापकाच्या आत्मकथनातील यश हे प्रयोजक रूपातील यश असते. चलनदर, पूर्वीचे संशोधन आणि कामगारकपात यांसारखे घटक त्यात 'कडून' या शब्दाच्या अलीकडेच थांबतात. त्यांना वाक्यात परत आणणे हे वाचकाचे आणि अध्यापकाचे काम आहे.

आपल्या महाविद्यालयांतून शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी उद्या मालक होणार नाहीत आणि संस्थापकही होणार नाहीत. ते पगारी नोकर होतील. काही जण कारभारी होतील आणि इतरांच्या नोकऱ्यांविषयी निर्णय घेतील. काहींविषयी असे निर्णय घेतले जातील. त्यांच्या हाती यशोगाथा देताना ती नायकाच्या बाजूने वाचावयाची की 'ज्यांच्याकडून' काम झाले त्यांच्या बाजूनेही वाचावयाची, हे ठरवणे हा केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. हार्वे-जोन्स यांचे लेखन आदराने वाचावे, त्यांतील माणसांविषयीची आस्था आत्मसात करावी आणि त्याच आस्थेने, त्यांच्या पुस्तकांत ज्यांची नावे आली नाहीत त्यांच्याविषयीही विचारावे. त्यांच्याच नेतृत्वविचाराशी हे वाचन अधिक प्रामाणिक ठरेल.